कशेडीच्या जुन्या घाटातलं हेल्मेट

गेली दोन वर्षं मी एक खोटी हकीगत सांगत आलो आहे. पहिल्यांदा सांगितली तेव्हा जीभ अडखळली होती. पुढे सवय झाली. महाडात चहाच्या टपरीवर सांगितली, एस.टी.च्या पेन्शनर मंडळींत सांगितली, एकदा तर महाडातल्या एका शाळेच्या स्टेजवर माईकसमोर उभं राहून सांगितली. त्या हकीगतीत मी सदुसष्टाव्या वर्षी मोटरसायकलची लांब पल्ल्याची रॅली वेळेत पुरी करणारा माणूस असतो, आणि माझा जोडीदार नियम न पाळल्यामुळे घाटात अडकून पडलेला माणूस. यातला माझा भाग खरा आहे. जोडीदाराचा मी बनवलेला आहे.

जोडीदार म्हणजे पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी. त्यांचं नाव लिहीत नाही. तशी त्यांचीच अट आहे. माझंही लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील.

आमची ओळख गाडीतली. मी महाड डेपोचा ड्रायव्हर. पोलादपूरहून वर डोंगरातल्या वाड्यांकडे जाणारी सकाळची गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती, आणि गुरुजींची शाळा त्या गाडीच्या शेवटच्या थांब्याच्याही पुढे अर्धा तास चालल्यावर. ते माझ्या मागच्या बाकावर बसत आणि पेपर मोठ्यानं वाचत. वाचून झाला की घडी घालून म्हणत, "ड्रायव्हर, आज जग बुडालेलं नाही. चला." मी म्हणायचो, "गुरुजी, जग बुडालं तरी मला गाडी परत डेपोत लावावीच लागेल." रिटायर झाल्यावर दोघांनीही मोटरसायकली घेतल्या. त्यांची लाल, माझी काळी. आठवड्यातून एकदा आम्ही कुठेतरी जायचो. पाचाडला जाऊन पिठलं-भाकरी खायची, नाहीतर दासगावला खाडीकाठी नुसतं बसायचं. माझी बायको गेल्यावर आठवड्यातला तो एकच दिवस असा होता की मी दिवसभरात चार वाक्यांपेक्षा जास्त बोलत असे.

गुरुजींची एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. डोक्यावर घालायची वस्तू ते कधी जमिनीवर ठेवत नसत. ही त्यांच्या वडिलांची शिस्त. वडील शेतावर भाकरी खायला बसले तरी टोपी काढून फांदीला अडकवायचे. गुरुजींनी वर्गात पोरांच्या टोप्यांसाठी भिंतीत खिळे मारून घेतले होते. मोटरसायकल आल्यावर तोच नियम हेल्मेटला लागू झाला. मी माझं हेल्मेट कुठेही टाकायचो, गवतात, दगडात, पायाशी. ते मात्र चहा पितानाही मांडीवर घेऊन बसायचे.

"बाळंतिणीसारखं काय घेऊन बसलात?" मी चिडवायचो.

"तुम्ही डोकं जमिनीवर ठेवता, म्हणून ते तसं चालतं," ते म्हणायचे.

रॅलीचा कागद पेट्रोल पंपावर लावलेला होता. मुंबई-पुण्याकडची हौशी मंडळी भरवत होती. एका दिवसाची रॅली. पहाटे महाडहून निघायचं, आंबेनळी घाटानं वर चढून सातारा, कोल्हापूर, तिथून आंबा घाटानं कोकणात उतरून संगमेश्वर, चिपळूण, खेड करत संध्याकाळी परत महाड. वाटेत चेकपॉइंट. प्रत्येक ठिकाणी कार्डावर शिक्का, आणि प्रत्येक चेकपॉइंट ठरल्या वेळी बंद. एक मिनिट उशीर झाला तरी बाद. पहिला येण्याचं बक्षीस नव्हतं. वेळेत पुरं करणाऱ्या प्रत्येकाला पदक. मला हेच आवडलं. आयुष्यभर मी वेळेवर गाड्या नेल्या होत्या. त्याबद्दल कुणी कधी काही म्हटलं नव्हतं. उशीर झाला तेव्हा तेवढं म्हटलं.

आदल्या संध्याकाळी महाडबाहेरच्या एका हॉलवर सगळ्यांना नियम समजावून सांगितले. एक मुलगी सांगत होती. वाटेत मदत हवी असेल तर हेल्मेट काढून गाडीच्या मागे, रस्त्याच्या कडेला, जमिनीवर ठेवायचं. नुसते विश्रांतीला थांबला असाल तर आरशाला अडकवायचं. जमिनीवर हेल्मेट दिसलं की मागून येणाऱ्यानं थांबायचंच. कुणीतरी विचारलं, थांबण्यात जो वेळ जाईल तो भरून मिळणार का? ती म्हणाली, ते आम्ही नंतर बघून ठरवू. 'नंतर बघून ठरवू' हे शब्द मी नोकरीत इतक्यांदा ऐकले होते की त्यांचा अर्थ मी माझ्यापुरता 'नाही' असा लावला.

गुरुजींनी हात वर केला. "हेल्मेट जमिनीवरच ठेवायला हवं का? दगडावर ठेवलं तर?"

हॉल हसला. "काका, जमिनीवरच. सगळ्यांची खूण एकच हवी."

गुरुजी नाराजीनं खाली बसले. बाहेर पडताना मला म्हणाले, "तशीच वेळ आली तर ठेवू. पण तशीच आली तर."

हे वाक्य मी दोन वर्षांत कुणालाही सांगितलेलं नाही.

सकाळी साडेपाचला निघालो. आंबेनळी घाट माझ्या हाडात आहे. कुठे दुसरा गिअर टाकायचा, कुठे समोरून ट्रक आला तर कुठल्या बाजूला किती जागा, सगळं पाठ. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तो एकटा चढलो. मागे चाळीस माणसं नव्हती, कुणी खिडकीतून ओकत नव्हतं, कोंबडी ओरडत नव्हती, दोन टोले द्यायला कंडक्टर नव्हता. हेल्मेटच्या आत फक्त माझाच श्वास. उजाडलं तेव्हा खालची दरी धुक्यानं भरली होती आणि मला घरी परतल्यासारखं वाटण्याऐवजी सगळे निघून गेलेल्या घरात एकटाच मागे राहिल्यासारखं वाटलं. आरशात गुरुजींचा दिवा दिसत होता म्हणून बरं होतं. मोटरसायकलवर बोलता येत नाही. दिवसभर आमची संगत म्हणजे तो आरशातला दिवा आणि चेकपॉइंटवर शेजारी उभं राहून खाल्लेली दोन दोन केळी.

कोल्हापूरपर्यंत आम्ही बरे होतो. आंबा घाटात ट्रकांच्या मागे अडकलो आणि शेवटाला पडलो. चिपळूणला शिक्का मारणारा म्हणाला, "काका, तुम्ही दोघंच राहिलात. मागचे सगळे सोडून परत गेले. तुमच्या मागे आता आमची गाडीसुद्धा नाही, ती पुढे पोलादपूरला गेली." पोलादपूर हा शेवटचा चेकपॉइंट. सहाला बंद.

खेडच्या फाट्यावर माझी चेन खाली लोंबायला लागली म्हणून थांबलो. गुरुजी उजव्या हाताची बोटं उघडझाप करत होते.

"ड्रायव्हर, हाताला मुंग्या येतायत."

"दिवसभर हँडल धरलंय, मग काय सतार वाजवावीशी वाटेल?"

ते हसले. पण हात झटकत राहिले. मी पाना काढला. म्हटलं, "तुम्ही पुढे व्हा. तुमची चाल गोगलगाईची. मी गाठतो."

"बरोबरच जाऊ की."

"गुरुजी, दोघांचं पदक घालवू नका. निघा."

ते निघाले. निघताना त्यांना गाडी चालू करायला दोन वेळा प्रयत्न करावा लागला. हे मी पाहिलं होतं.

चेन आवळायला वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. मी सुटलो तेव्हा पाच वाजून गेले होते. कशेडीला आता बोगदा झाला आहे, पण रॅलीचा रस्ता जुन्या घाटानं होता. ज्या घाटात मी आयुष्यभर गाड्यांच्या रांगा पाहिल्या, तिथे त्या संध्याकाळी कुणी नव्हतं. टपऱ्यांची छपरं बसलेली, रस्त्यावर सागाची वाळकी पानं, माकडं मधोमध बसलेली आणि उठायला तयार नाहीत. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होतं.

एका वळणावरून बाहेर आलो आणि समोर लाल गाडी दिसली. साइड स्टँडवर उभी. तिच्या मागे चार हातांवर, डांबराच्या कडेला, जमिनीवर हेल्मेट. काच माझ्याकडे. गुरुजी कठड्याला टेकून पाय पसरून बसलेले. हनुवटी छातीवर. डावा हात मांडीवर, उजवा बाजूला लोंबत होता.

मी वेग कमी केला. तिसऱ्यावरून दुसरा टाकला. हँडलला घड्याळ बांधलेलं होतं. त्यात पाच अडतीस झाले होते.

पुढे मी लोकांना सांगत आलो की मला ते दिसलेच नाहीत. काही वेळा रात्री स्वतःला सांगितलं की मला वाटलं, विश्रांती घेतायत. दोन्ही खोटं आहे. मला दिसलं आणि मला समजलं. ज्या माणसानं चहाच्या टपरीवर कधी हेल्मेट खाली ठेवलं नाही त्यानं ते रस्त्यावर ठेवलं होतं. याचा अर्थ त्या हॉलमधल्या कुणाहीपेक्षा मला जास्त कळत होता. माझ्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती. बावीस मिनिटं.

एस.टी.त असताना मी घाटात कधी कुणाला टाकून गेलो नाही. पुढे गाडी बंद पडल्याची खूण म्हणून रस्त्यावर झाडाची फांदी टाकलेली दिसली की गाडी उभी करायची, उतरून बघायचं, हे आपोआप व्हायचं. त्यामुळे सवयीचा दोष म्हणून सुटता येत नाही. गाडीत चाळीस माणसं बघत असताना मी थांबत होतो. त्या संध्याकाळी बघणारं कुणी नव्हतं.

हेल्मेटच्या बाजूनं वळसा घालून मी पुढे गेलो. आरशात पुढच्या वळणापर्यंत दिसत राहिलं. मग पुन्हा तिसरा टाकला.

पोलादपूरला शिक्का मिळाला तेव्हा सात मिनिटं शिल्लक होती. तिथल्या माणसानं विचारलं, "तुमचे जोडीदार?"

"येतायत मागून," मी म्हटलं.

तेव्हाही सांगता आलं असतं. शिक्का बसलेला होता. आता माझं काही जाणार नव्हतं. पण सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही थांबला का नाहीत? मी महाडला गेलो. तिथे टाळ्या झाल्या, सगळ्यात वयस्कर म्हणून माझा फोटो काढला, गळ्यात पदक घातलं. त्या गर्दीत मला ओळखणारं एकही माणूस नव्हतं.

फोन आला तेव्हा दिवे लागले होते. गुरुजींना झटका आला होता. उजवी बाजू गेली होती. मोबाइल उजव्या खिशात, तो काढता आला नव्हता. जवळजवळ तासाभरानं भाजी पोचवून परतणारा एक टेंपोवाला तिथून गेला, त्यानं उचलून महाडला दवाखान्यात आणलं.

मी पोचलो तेव्हा तो टेंपोवाला दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. कशेडीकडच्याच कुठल्या वाडीतला, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मी त्याला पाणी दिलं.

"गुरुजी हायेत ना वो ते? माझ्या पुतण्याला शिकवलेलं," तो म्हणाला. "गाडी तशीच हाय घाटात. किल्ली माझ्याकडं हाय, ही घ्या. नि हेल्मेट खाली व्हतं, भुईवर. ते मी आरशाला लावून ठेवलंय. डोक्याची वस्तू, अशी कशी रस्त्यात ठेवायची?"

मी किल्ली घेतली. म्हटलं, "बरं केलंत."

रॅलीच्या मंडळींनी गाडी आणायला माणूस पाठवला. त्यानं आधी फोटो काढला. फोटोत हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

गुरुजींना पुढे मुंबईला नेलं. अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर काय झालं असतं, ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. दहा दिवसांनी रॅलीवाल्यांनी मला एक कागद पाठवला, घडलेलं लिहून द्या म्हणून. मी दोन ओळी लिहिल्या. 'घाटात मला ते दिसले नाहीत. मदतीची खूण रस्त्यावर नव्हती.' खाली सही केली. त्यावरून त्यांनी सगळ्यांना कळवलं की सहभागीनं मदतीची खूण न केल्यामुळे विलंब झाला, तरी सर्वांनी नियम नीट लक्षात ठेवावेत. पोलादपुरात लोक म्हणायला लागले, गुरुजी हट्टी, हेल्मेट खाली ठेवायला लाजले, नि बसले. ती त्यांची सवय सगळ्या गावाला ठाऊक होती. त्यामुळे ते सगळ्यांना पटलं.

टेंपोवाल्याला कुणी विचारलं नाही. त्याला काय माहीत आहे, हे फक्त मला माहीत होतं.

चार महिन्यांनी गुरुजी घरी आले. बोलणं हळूहळू सुटलं. मी दर आठवड्याला जात होतो. आता सोबतीला लाल गाडी नव्हती, म्हणून एस.टी.नं जायचो. एका दुपारी त्यांचा मुलगा मुंबईहून आलेला, मी बसलेलो, आणि गुरुजी एकदम म्हणाले, "हेल्मेट मी खाली ठेवलं होतं."

"बाबा, फोटोत आरशाला आहे," मुलगा म्हणाला.

"ठेवलं होतं. एका हातानं पट्टा सुटेना. दातांनी ओढला. मग ठेवलं."

"डॉक्टर म्हणालेत ना, अशा आजारात मेंदू काहीतरी जुळवून घेतो. त्रास करून घेऊ नका. काका, तुम्ही तरी सांगा."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "होतो घोळ, गुरुजी. तुम्ही शुद्धीत तरी कुठे होता?"

त्यांनी मान हलवली. एखाद्या विद्यार्थ्यानं चूक कबूल करावी तशी.

घाटात थांबलो नाही ते एक पाप. पण मला वाटतं, त्या दुपारचं वाक्य त्याहून मोठं. कारण घाटातून मी अर्ध्या मिनिटात निघून गेलो होतो. या वाक्यानं काय केलं ते मात्र मी दर आठवड्याला त्यांच्या घरी बसून पाहत होतो. गुरुजींचा स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास उडाला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरांची नावं हजेरीपटाच्या क्रमानं सांगणारा माणूस. आता जेवण झालं का, हे बायकोला विचारायचे. गोळी घेतली की वहीत खूण करायचे आणि ती खूण आपणच केली का, हेही विचारायचे. मुंबईचा एक माजी विद्यार्थी पेढे घेऊन आला. गुरुजींनी त्याचं नाव, बापाचं नाव, वाडी, सगळं बरोबर सांगितलं आणि मग आतल्या खोलीकडे वळून म्हणाले, "खरं ना गो?"

वहिनींनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठून सांगितलं, "भावोजी, सगलं बरोबर सांगतात हो. एक चूक नाय. नि मग मलाच विचारतात, खरं ना, खरं ना. मी त्यांच्या शालेत कधी गेले व्हते? मला काय ठावं?"

मी चहा पिऊन निघालो.

या दिवाळीनंतर त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र जमायचं ठरवलं. वाडीवर, त्याच शाळेत. दोघं जण आमंत्रण घेऊन आले तेव्हा मी तिथेच होतो. गुरुजींनी शाळेच्या जुन्या दिवसांवर बोलावं, अशी त्यांची इच्छा.

"माझ्या आठवणीचा भरवसा नाही," गुरुजी म्हणाले. "काहीतरी भलतंच सांगेन. ड्रायव्हरांना बोलवा. मी रोज त्यांच्याच गाडीनं यायचो, शाळेचं सगळं त्यांना सांगायचो. त्यांची आठवण पक्की आहे. ते सांगतील ते खरं धरा."

ते दोघं माझ्याकडे वळले. "मग काका, याल ना?"

मी हो म्हणालो की नाही, ते आठवत नाही. स्टँडवर आलो. महाडची एक गाडी सोडली, दुसरीही सोडली. तिथून परत गुरुजींच्या घरी जायला सात मिनिटं लागतात. मला ती चालवली नाहीत. मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आलो.

गुरुजी ओटीवर खुर्चीत होते. मी समोर बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "गुरुजी, हेल्मेट तुम्ही खाली ठेवलं होतं. मी पाहिलं. मी तिथूनच गेलो."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "गाडीच्या पुढे की मागे?"

"मागे. चार हातांवर."

"काच कुणीकडे?"

"येणाऱ्याकडे. माझ्याकडे."

"मी कुठे होतो?"

"कठड्याला टेकून. डावा हात मांडीवर."

"उजवा?"

"लोंबत होता."

ते तोंडी परीक्षा घ्यावी तसे विचारत होते, आणि प्रत्येक उत्तराला डाव्या हाताचं एक बोट खुर्चीच्या हातावर टेकवत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील.

"तुम्ही गिअर कितवा टाकलात?"

"दुसरा."

"आणि पुढे गेल्यावर परत तिसरा," ते म्हणाले. "मी ऐकला. मान उचलता येत नव्हती, पण तुमच्या गाडीचा आवाज मला येतो ओळखता. हे मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, हेल्मेटचं खोटं असेल तर आवाजाचंही खोटंच असणार."

मी म्हटलं, "गुरुजी, माझं चुकलं—"

"थांबा." त्यांनी डावा हात वर केला. "अगो, जरा बाहेर ये."

वहिनी हात पुसत आल्या.

"हिला सांगा. मला सांगितलंत तेच. सगळं."

मी सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवर टेंपोवाला काय बोलला तेही सांगितलं. वहिनी खांबाला धरून ऐकत राहिल्या. संपलं तेव्हा त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दोन वर्सं मी ह्यांना गप केलं," त्या म्हणाल्या. "हेल्मेटचं काढलं की म्हणायचे, पुरे आता, लोक हसतात. मी. माज्या तोंडानं." त्या आत गेल्या. चहा ठेवल्याचा आवाज आला नाही.

गुरुजी म्हणाले, "लिहून द्या. रॅलीवाल्यांना द्या, आणि जिथे जिथे ती गोष्ट सांगितलीत तिथे द्या. माझं नाव नको. बिचारे गुरुजी, असं मला कुणी म्हणायला नको. मदतीची खूण रस्त्यावर होती, एवढं त्यात पाहिजे."

"आणि माझ्याबद्दल काय लिहू?"

"ते तुमचं तुम्ही बघा. त्याला मी साक्षीदार नाही. माझी मान खाली होती."

मला जा म्हणाले नाहीत. पण ते रस्त्याकडे बघायला लागले आणि मला कळलं की माझं तिथलं काम झालं आहे.

मी रॅलीवाल्यांना पत्र लिहिलं, पदक त्यासोबत परत पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, नोंद दुरुस्त केली आहे. टेंपोवाल्याला शोधून काढलं आणि गुरुजींच्या मुलाशी फोनवर बोलायला लावलं. मुलानं मग मला फोन केला. तो जे बोलला ते बोलण्याचा त्याला हक्क होता. टपरीवर जाऊन मी चारचौघांत सांगितलं. एक जण म्हणाला, "जाऊ दे हो, झालं गेलं, सांगितलंत कशाला?" दुसऱ्यानं आपला ग्लास उचलला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. शाळेच्या स्टेजवर पुन्हा कोण चढू देणार? म्हणून हे लिहिलं.

विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमाला मी गेलो नाही. मला पुन्हा बोलावलंही नाही. आठवड्यातला तो दिवस आता मी घरीच असतो. दुपारी पंखा लावतो आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतो.

मागच्या आठवड्यात पोलादपूरला जायचं काम निघालं. स्टँडवर वहिनी भेटल्या. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. मी लांबूनच निघून गेलो असतो, पण त्यांनी पाहिलं.

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो. विचारलं, "कार्यक्रम कसा झाला?"

"दोन घंटे बोलले. बसून. शालेचं छप्पार उडालेलं ते कुठल्या साली, त्यावरनं एका पोलिसाशी भांडले. पोलीस म्हंजे त्यांचाच विद्यार्थी. त्याला म्हणाले, तू तवा दुसरीत व्हतास नि घाबरून चड्डीत मुतलास, तुला काय साल आठवणार? सगले हसून हसून मेले." त्याही किंचित हसल्या. "मला एकदापन नाय विचारलं, खरं ना म्हणून. मी तितंच व्हते, पुढच्या रांगेत. वाट बघत व्हते, आता विचारतील, आता विचारतील. नाय विचारलं."

मी म्हटलं, "माझं काही निघालं का बोलण्यात?"

"नाय."

गाडी लागली. त्या उठल्या. पिशवी जड होती, मी ती उचलून गाडीच्या दारापर्यंत नेली. वर चढल्यावर त्यांनी खाली वाकून ती माझ्या हातातून घेतली आणि आत जागा बघायला गेल्या.